बशीवरच्या एका शेऱ्यासाठी खर्ड्यापर्यंत

मी परत येऊन दहा दिवस झाले. गुडघे अजून यायचे आहेत. ते बहुधा करंजीच्या घाटातच बसून राहिले असावेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाचा प्रवास तुकड्यातुकड्यानं संपतो. आधी सामान घरी येतं, मग मन, आणि सांधे सगळ्यांत शेवटी.

"कुठे गेला होतात?" असं सोसायटीत विचारतात. नगर जिल्ह्यात म्हटलं की कुणी शिर्डी धरतं, कुणी शिंगणापूर. मी नुसती मान हलवते. एका माणसाला एक प्रश्न विचारायचा पन्नास वर्षं राहून गेला होता, तो विचारायला गेले होते, हे खरं उत्तर. पण ते लिफ्टच्या तीन मजल्यांत सांगून होत नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी माझी ओळख. मी चिनी मातीच्या एका कारखान्यात डिझायनर होते. कपबश्या, किटल्या, ताटल्या यांचे आकार कागदावर काढायचे, हे माझं काम. मुंबईजवळचा तो कारखाना आता नाही. त्या जागी उंच इमारती आहेत. तिथे मी पंचविसाव्या वर्षी लागले. परदेशात आठ महिने शिकून आलेली, केस कानापर्यंत कापलेली, आणि डोक्यात एकच वारं: शुद्ध आकार. कपावर गुलाब दिसला की मला शिसारी यायची. फुलं बागेत असावीत, असं मी मीटिंगमध्ये म्हणायची, आणि हिलाच नेऊन बागेत सोडावं अशा नजरेनं सगळे माझ्याकडे बघायचे. मी एक किटली केली होती, तिच्या झाकणाला बोंड नव्हतं. का, तर रेषा तुटते. रेषा तुटली नाही, पण झाकण उघडायला फटीत चमचा घालावा लागायचा. माझ्या सासूबाईंनी माझ्या पांढऱ्या कपातून एकदाच चहा घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे गं. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." मला वाटलं, बिचाऱ्यांना आधुनिकता कळत नाही. इतकं नेमकं परीक्षण त्यानंतर कुणी केलं नाही, हे कळायला पुढे चाळीस वर्षं लागली.

माझा एकच संच गाजला. कोरा पांढरा कप आणि त्याखाली चांगली खोल बशी. तिला बक्षीस मिळालं, ती उपाहारगृहांत गेली, घराघरांत गेली. कप आणि बशी यांच्या प्रमाणावर मी भाषणं दिली. एकदा तर त्या प्रमाणाचा संबंध मी कमळाच्या पानावर थांबलेल्या पाण्याशी जोडला होता, आणि समोरच्या शहाण्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की मी काढलेली बशी सपाट होती. परदेशात असते तशी, ताटलीची धाकटी बहीण. ती खोल केली किसननं.

किसन म्हणजे आमचा साचेवाला. माझ्या कागदावरून प्लास्टरचा साचा करायचं काम त्याचं. भट्टीतून पहिले नमुने आले, मी बशी हातात घेतली, आणि माझं डोकं फिरलं. साच्यांची एक वही असायची, तिच्यात मी लाल पेन्सिलीनं शेरा मारला: ‘दोष: बशी खोल. साचेवाला: किसन.’ तेवढ्यावर भागलं नाही. मॅनेजरला सांगून मी त्याला साच्यांच्या खोलीतून काढून भट्टीवर पाठवलं. दरम्यान मोठी ऑर्डर आली, नवा साचा करायला सवड नव्हती, खोल बश्याच निघाल्या, लोकांना आवडल्या. आणि मग त्या माझ्या झाल्या.

पुढे वय वाढलं तसा नम्रपणा अंगी आला. म्हणजे नम्रपणा चांगला दिसतो हे कळलं. मग मी भाषणांत सांगू लागले, "अहो, ती तर चुकून झालेली बशी. साचेवाल्याची चूक, माझं नशीब." लोक खूष व्हायचे.

आता पुण्यातलं एक संग्रहालय माझ्या कामाचं प्रदर्शन मांडतंय. ते मांडणारी मुलगी ऋचा, माझ्या नातीच्या वयाची, फार कष्टाळू. मी दिलेल्या जुन्या सामानात तिला ती वही सापडली. ती म्हणाली, "आजी, हेच पान उघडून काचेखाली ठेवायचं. लाल अक्षरातला शेरा काय सुंदर दिसतो." मग तिनं पाटीवरचा मजकूर मोबाईलवर पाठवला: ‘साचेवाल्याच्या हातून झालेल्या चुकीतून एका अभिजात वस्तूचा जन्म.’ सोमवारी छपाई. काही बदल असला तर रविवारपर्यंत कळवा.

मी वाचलं, आणि मला किसनचा अंगठा आठवला. साच्यावरून नुसता अंगठा फिरवून तो दोऱ्याइतका उंचवटा सांगायचा. असा माणूस बोटभर चुकत नसतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. त्यानं तसं का केलं, एवढं मात्र मी विचारलं नव्हतं.

पुणे ते नगर

गाडी माझी सून मेधा चालवत होती. ती बँकेतून निवृत्त झाली आहे आणि आता माझ्यावर लक्ष ठेवते. निघताना मी संचातली माझ्याकडे उरलेली एकुलती एक कपबशी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली. शोकेसमधून ती पन्नास वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडत होती. तिच्यातून आजवर कुणी चहा प्यालेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

वाटेत मी म्हणून बघत होते, "किसनराव. अहो किसनराव."

"आई, तुम्ही इन्कमटॅक्सची नोटीस वाचल्यासारखं म्हणताय," मेधा म्हणाली.

तिचं बरोबर होतं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि कारखान्यात मी त्याला "अरे किसन" म्हणायची. मॅनेजरच्या कुत्र्याला मात्र अहोजाहो करायचे सगळे.

शिरूर मागे पडलं की हवा कोरडी होते आणि ओठ फुटायला लागतात. पाट्यांवर आता अहिल्यानगर, लोकांच्या तोंडात अजून नगरच. आम्ही लॉजवर पोचलो तेव्हा माझी कंबर वेगळ्या खोलीत राहायला तयार झाली होती. खालच्या खानावळीत हुलग्याची शेंगोळी मिळाली, कुळथाच्या पिठाच्या बोटभर वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या, सोबत बाजरीची भाकरी. मेधानं मला अर्धी वाटी खा म्हणून बजावलं होतं. मी दोन खाल्ल्या आणि झोपेपर्यंत उचक्या देत राहिले. कुणीतरी आठवण काढतंय, असं मी म्हटलं. मेधा म्हणाली, "हो, लसूण."

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी मनात बसली. पुण्यापासून नगरपर्यंत आम्ही चार ठिकाणी चहा घेतला. चारही ठिकाणी कागदी कप, अंगठ्याएवढा. बशी कुठेच नाही. जिच्यामुळे मी आयुष्यभर मिरवले, ती वस्तू माझ्या आधीच निवृत्त झाली होती.

तिसगाव

किसनचं गाव तिसगावजवळ, एवढं मला पक्कं आठवत होतं. सुट्टीवरून येताना तो तिसगावच्या बाजारातली बाजरी आणायचा आणि कामगारांत वाटायचा. मलाही एकदा दिली होती. मी ती पाखरांना घातली.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला नुसते उघडे डोंगर, आणि चांदबीबीच्या महालाचं एकटं टोक बराच वेळ पाठ सोडत नाही. करंजीच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता. तासभर उन्हात बसलो. गुडघ्यांनी मुक्काम ठोकला तो इथेच.

तिसगावात विचारत विचारत पुढच्या वस्तीवर गेलो. "किसनतात्या? विहाराच्या मागं," एकानं सांगितलं. बुद्धविहार स्वच्छ, निळ्या रंगाचा. त्याच्या मागची निम्मी घरं कुलूपबंद. दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. मागे म्हातारी माणसं आणि कोंबड्या. किसनच्या दारालाही कुलूप.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. सखूबाई तिचं नाव.

"त्यो लेकीकडं गेलाय. खर्ड्याला," ती म्हणाली. "तुमी कोन?"

"त्यांच्याबरोबर कारखान्यात होते."

"मातीच्या?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी नाजूक दिसता. माती कवा मळायच्या?"

"मी मळायची नाही. कागदावर काढायची."

"मंग त्येला काय म्हनायचं कारखान्यात जानं," सखूबाई म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

मेधाला ठसका लागला. सखूबाईनं आम्हाला आत नेलं, बसायला पोतं दिलं. तिच्या चुलीशेजारी दुधाचं पातेलं होतं आणि त्यावर झाकण म्हणून एक पांढरी बशी. मी ती न उचलताही ओळखली. कडेला एक टवका उडाला होता, बाकी ठणठणीत.

"ही कुठली?"

"किसनदादानंच दिली की. जुनी हाय. सुट्टीवर यायचा तवा भट्टीतला खराब माल आनायचा, घरटी वाटायचा. पुऱ्या वस्तीत हायेत. चा प्या, दूध झाका, लेकराला भात द्या." मग ती थांबली. "त्याच्या घरात तेवडी न्हाई."

"का?"

"आता ते त्यालाच इचारा. लई येळा म्हनलं, तुला येक ठिव. न्हाई म्हनायचा."

निघताना तिनं शेंगांची पिशवी हातात दिली. मला पाखरांना घातलेली बाजरी आठवली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले, मेधाला एकही शेंग दिली नाही.

खर्डा

तिसगावहून खर्ड्याला जाताना रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि जामखेडकडे पुन्हा नगरमध्ये येतो. त्या परक्या जिल्ह्यातच आमचं चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या बाजेवर मी आडवी झाले. त्यानं चहा मागवला. कागदी कप. मी म्हटलं, "बशी नाही का हो?" तो म्हणाला, "आजी, बशी कोन धुतंय आता?" चाळीस भाषणांत मी आधुनिकता म्हणजे काय ते सांगितलं होतं, त्याला एका वाक्यात जमलं.

खर्ड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. किल्ला अगदी रस्त्याला लागून, चौकोनी, धट्टाकट्टा, दाराच्या माथ्यावर फारशीतली अक्षरं. पूर्वीची मी असते तर त्या भिंतीच्या रेषांवर अर्धा तास बोलले असते. आताची मी बसायला दगड शोधत होते. खरं सांगायचं तर मला परत जावंसं वाटत होतं. इतक्या लांब येऊन नेमकं दारापाशी पाय मागे घेतात ते भीतीनं, पण वय झालं की त्याला थकवा म्हणायची सोय असते.

किसनच्या लेकीचं, सुजाताचं, घर किल्ल्यापासून जवळच. ती अंगणवाडी चालवते. पन्नाशीची, ताठ बाई. दार उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "चुकून झालेली बशी."

मी हातातली पिशवी सावरली.

"तुमचं भाषण मोबाईलवर ऐकलंय मी. बाबांनाही ऐकवलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, बंद कर, बॅटरी संपंल." ती दारातून बाजूला झाली. "या. पण त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत."

मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत किसन बसला होता. बसले होते. डोक्याला मफलर, हात मांडीवर. अंगठा तसाच, रुंद, नखाशी चपटा.

"किसनराव," मी म्हटलं, आणि ते नोटीस वाचल्यासारखंच आलं.

त्यांनी डोळे बारीक केले. "बाई. तुमी म्हाताऱ्या झाला."

"तुम्ही काय तरणे राहिलात?"

"मी तवापास्नंच म्हातारा हुतो. तुमी नवीन."

मेधा आणि सुजाता एकमेकींकडे बघून हसल्या आणि आत गेल्या. मला घाई झाली होती. वाटेत पाठ केलेलं सगळं मी भराभरा बोलून टाकलं, की मी तुम्हाला भट्टीवर पाठवलं, ते चुकलं, इतकी वर्षं मनात सलतंय.

"भट्टीवर?" किसनराव म्हणाले. "भट्टीवर बरं हुतं की. साच्याच्या खोलीत बारा म्हैने वल. मला दमा हुता. भट्टीवर गेलो आन दोन वर्सांत दमा गेला. मी घरी म्हनायचो, बाईंनी उपकार केला."

पन्नास वर्षं जपून ठेवलेलं पाप असं वाया गेलं.

"मग तुमचा राग..."

"राग न्हाई." त्यांनी मफलर सारखा केला. "ती साच्याची वही हाय का आजून?"

"आहे. संग्रहालयात. प्रदर्शनात ठेवणार आहेत."

"कंचं पान?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती. "तेच," मी म्हटलं.

"म्हंजे माझं नाव आन दोष." त्यांनी अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासला. "धा वर्सं साचे केले, बाई. माझ्या साच्यात कुनी येक खोट काढली न्हाई. तुमी येकदाच काढली, ती बी लाल अक्षरात. आन आता ती लोक तिकीट काढून वाचनार."

आतून कपाट उघडल्याचा, भांड्याचा आवाज येत होता. सुजाता ऐकत होती हे मला कळत होतं.

"तुम्ही ती खोल का केलीत?" मी विचारलं. पन्नास वर्षांनी, एका दमात.

त्यांनी आत हाक मारली, "सुजे, चा ठिव. कपबशीत आन."

"आपल्याकडं कुठं कपबशी आहे, बाबा?"

मी पिशवीतून टॉवेल काढला. त्यांनी बशी हातात घेतली, पालथी केली, डोळे मिटून बुडावरून अंगठा फिरवला. "पयल्या साच्यातली हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याला हितं बारीक रेघ यायची."

चहा आला. कप काठोकाठ भरला होता. किसनरावांनी बशी स्टुलावर ठेवली, कप उचलला आणि एका दणक्यात सगळा बशीत ओतला. मी हात पुढे केला, पण काहीच सांडलं नाही. चहा बशीच्या काठाखाली येऊन थांबला, वर जरासा काठ कोरडा. मी त्या बशीवर चाळीस भाषणं दिली होती आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

"आमच्या फाट्यावर हाटेल हुतं," ते म्हणाले. "आमचे कप भायेर, वळचनीला. कान तुटल्याले. आपला आपुन घ्यायचा, त्यो वरनं चा वतायचा, प्यायचा, धुवून परत ठिवायचा. बशी न्हाई. बशी आतल्या लोकांला. आई बाजारला गेली की त्या कपात चा प्यायची आन आत बघायची, लोक बशीत वतून भुरकं मारत्यात ते. मला म्हनायची, किस्ना, बशीतला चा लई ग्वाड लागत आसंल का रं?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. ते माझ्या बशीत आहे, हे माहीत नव्हतं.

"मंग मी मुंबईला लागलो. पयल्या पगारात तिला कपबशी आनली. फुलाची." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लई भारी फुलं हुती. तुमाला न्हाई आवडली आसती."

"नसती आवडली."

"चा केला. शेजारच्या बाया बघायला जमल्या. आईनं आख्खा कप बशीत वतला, येकदम. तिला कुठं म्हाईत, थोडा थोडा वतायचा आसतो. सगळा लुगड्यावर. बाया हासल्या. आई म्हनली, न्हाई येत बाबा आपल्याला हे. कपबशी पुसली आन फळीवर ठिवली. परत हात लावला न्हाई."

सुजाता दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग तुमचा कागूद माझ्या हातात आला. सपाट. त्यात घोटबी ऱ्हायला नसता. मी कपात पानी भरलं, आन तेवडं पानी मावंल येवडी बशी केली. ज्यानं जन्मात बशीतनं चा प्याला न्हाई, त्याच्याकडनंबी सांडू नये. येवडंच."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं का?"

मी बशीतल्या चहाकडे बघितलं. मग विचारलं, "आईंनी प्यायला?"

"प्याली की. येक थेंब सांडला न्हाई. म्हनली, कपातल्यासारखाच लागतोय की रं." ते हसले. "ती बशी पुढं फुटली. मी दुसरी आनली न्हाई. गावाला दिल्या. पन ज्याच्यावर दोष लिवलाय, ते माझ्या घरात नको."

मग त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. निवला."

मी आयुष्यात बशीतून चहा प्याले नव्हते. आमच्या घरी बशी म्हणजे कपाची चटई, बशीतून भुरके मारणं म्हणजे संस्कार नाहीत. मी दोन्ही हातांनी बशी उचलली. शुद्ध आकार तोंडापाशी येता येता बशी कलली, आणि चांगला अर्धा चहा माझ्या साडीवर आला.

किसनराव खुर्चीतून पुढे वाकले, साडीवरचा डाग बघितला, मग बशीची कड बघितली.

"साच्यात चूक न्हाई, बाई," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "हातात आहे."

तेव्हा ते असे हसले की मफलर सुटला. सुजातानं मला ओला टॉवेल आणून दिला, आणि पहिल्यांदाच मला ‘मावशी’ म्हणाली. "मावशी, आधी फुंकर मारायची, मग उचलायची."

त्यांच्या अंगणातूनच मी ऋचाला फोन लावला. पाटीवर लिही, म्हटलं, कप माझा, बशी किसनरावांची, मुद्दाम आणि मापून केलेली. ती जरा हिरमुसली. "चुकीची गोष्ट छान होती, आजी. पण ठीक आहे, बदलते. पान मात्र तेच राहील. ते मूळ पान आहे ना, त्याला कुणी हात लावायचा नसतो."

मी फोन ठेवून किसनरावांना सांगितलं, की तुमचं नाव लागणार.

"नाव लावा, नका लावू," ते म्हणाले. "ते खोडा."

निघताना कपबशी त्यांच्याकडे ठेवायला गेले, तर त्यांनी टॉवेलात गुंडाळून परत दिली. "खोडल्यावर आना."

पुन्हा पुणे

सोमवारी अंगातला प्रवास उतरला नव्हता तरी मेधाला म्हटलं, मला संग्रहालयात सोड. ऋचानं पांढरे हातमोजे घालून वही आणली, लाकडी टेकूवर उघडून ठेवली. काच अजून बसायची होती. पन्नास वर्षांपूर्वीची ती लाल अक्षरं, ठसठशीत, एकही वेलांटी न डगमगलेली. किती खात्री होती त्या पंचविशीतल्या पोरीला. तिच्या कानाखाली एक द्यावी असं वाटलं, पण आता तिच्यापर्यंत हात पोचत नाही.

"ऋचा बाळा," मी म्हटलं, "चक्कर आल्यासारखं होतंय गं. थोडं पाणी देतेस?"

ती धावत गेली. चांगली मुलगी आहे. मी पर्समधून लाल पेन्सिल काढली.

ती पाणी घेऊन आली तेव्हा मी पेन्सिल पर्समध्ये ठेवत होते. तिनं आधी पान पाहिलं, मग मला. पेला टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. "आजी, हे काय केलंत. या पानाला कुणी हात लावायचा नसतो."

"पहिला हात मीच लावला होता," मी म्हटलं, आणि पाणी पिऊन टाकलं, कारण तहान खरंच लागली होती.

तिच्या वरिष्ठांनी मला एक लांबलचक पत्र पाठवलं आहे. ते अजून वाचून झालेलं नाही, डोळे थकतात. पण पान काचेखाली गेलंय, कारण दुसरं नव्हतंच. मेधानं त्याचा फोटो काढून सुजाताला पाठवला. तिकडून उत्तर आलं, की बाबा विचारतायत, कपबशी कधी आणताय. गुडघे परत आले की जाईन.

तुम्ही प्रदर्शनाला गेलात तर बघा. ‘दोष’ या शब्दावर एक आडवी रेघ आहे आणि खाली लिहिलंय, ‘साचा बरोबर.’ रेघ सरळ आलेली नाही. तो दोष हाताचा.